ऑस्ट्रो-आशियाई भाषांतील शब्दघडण

मेळघाटातल्या कोरकूपासून व्हिएतनामीपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रो-आशियाई कुळातील शब्दांचे उच्चार आणि त्यांची रचना यांचा अभ्यास. संथाली, मुंडारी, खासी, निकोबारी, मोन आणि ख्मेर या भाषाही याच कुळातल्या. कुळाचे नाव भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म श्मिट यांनी १९०६ मध्ये रूढ केले. नाते अंकांत सहज ऐकू येते: तीन आणि चार यांना संथालीत ‘पे, पोन’, तर व्हिएतनामीत ‘बा, बोन’.

या कुळाची खरी ओळख म्हणजे शब्दाच्या पोटात शिरणारा प्रत्यय. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेवटी शोधायची सवय असते. संस्कृत शिकलेल्यांना मात्र रुधादि गण आठवेल: ‘युज्’ धातूच्या मध्ये ‘न’ येऊन ‘युनक्ति’ होते. संस्कृतात हा प्रकार एका गणापुरता उरला आहे, इथे तो अनेक भाषांत शब्द घडवण्याचे महत्त्वाचे साधन आहे. मुंडारीत ‘दुब’ म्हणजे बसणे, ‘दुनुब’ म्हणजे बैठक. संथालीत ‘ओल’ म्हणजे लिहिणे आणि ‘ओनोल’ म्हणजे लेख. ‘दाल’ म्हणजे मारणे, तर ‘दापाल’ म्हणजे एकमेकांना मारणे. ख्मेरमध्ये ‘स्लाप’ (मरणे) यापासून ‘सॉम्लाप’ (ठार मारणे) होते. खासी हेच काम शब्दाच्या आधी ‘पिन’ जोडून करते: ‘याप’ म्हणजे मरणे, ‘पिनयाप’ म्हणजे ठार मारणे.

पूर्वेकडच्या अनेक भाषांत शब्द ‘दीडाक्षरी’ असतो. आधी एक अर्धवट, घाईने उच्चारलेले अक्षर आणि मागून जोर असलेले पूर्ण अक्षर. ही संज्ञा जेम्स मॅटिसॉफ यांनी १९७३ मध्ये दिली. व्हिएतनामीत हे सुरुवातीचे अर्धे अक्षर झिजून गेले. तिच्या सुरांमुळे, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या आवाजाच्या चढउतारांमुळे, आंरी मास्पेरो यांनी १९१२ मध्ये तिला थाई भाषांच्या गटात बसवले होते. शब्दाच्या शेवटची व्यंजने गळाली आणि त्यांच्या जागी सूर आले, हे १९५४ मध्ये आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर यांनी दाखवले. सूर नंतर कमावलेले असू शकतात, म्हणून ते असूनही व्हिएतनामी याच कुळातली असू शकते, हे यातून पटले. कुळाच्या अभ्यासातला हा सर्वांत सुंदर युक्तिवाद म्हणावा लागेल.

भारतातल्या मुंडा भाषांची (संथाली, मुंडारी, कोरकू इत्यादी) वाट उलटी. त्यांत शब्दाच्या शेवटी प्रत्ययांची रांग लागते आणि क्रियापद एखाद्या वाक्याएवढे लांबते. पॅट्रिशिया डोनेगन आणि डेव्हिड स्टॅम्प यांनी १९८३ मध्ये या फरकाचे मूळ लयीत शोधले: पूर्वेत जोर शब्दाच्या शेवटी, मुंडात सुरुवातीला. एकट्या लयीवर सारा भार टाकणे सर्वांना मान्य नाही, पण प्रश्न मांडण्याची त्यांची रीत मोलाची आहे. मुंडा भाषांतली शेवटची ‘तुटक’ व्यंजनेही लक्षात घ्यावीत. उच्चार बंद होतो, पण हवा बाहेर सुटत नाही. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संथालीसाठी घडवलेल्या ओल चिकी लिपीने या ध्वनींची सोय केली. लिपीच्या नावातला ‘ओल’ वर आलेलाच.

महाराष्ट्रात हे सारे ऐकायचे तर धारणी-चिखलदऱ्याकडे जावे. कोरकूत एकवचन आणि अनेकवचनाबरोबर द्विवचनही आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कु’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. भाषेचे आणि समाजाचे नाव याच जोडणीतून आले. नॉर्मन झाइड यांनी १९६६ मध्ये कोरकूतल्या खालच्या सुराचे वर्णन केले. मुंडा भाषेत सूर सापडणे ही विरळा गोष्ट आहे.