दारं नसलेल्या गाडीची कुळकथा

मित्राने केटरहॅम सेव्हन ही उघडी, बुटकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली आणि इंग्लंडातल्या एका कोरड्या रविवारी किल्ली माझ्या हातात दिली. शिकवणी आत शिरण्यापासूनच सुरू झाली. दार नाहीच. आधी स्टिअरिंगचं चाक काढून बाजूला ठेवायचं, मग सीटवर उभं राहून पाय पुढच्या बोळकांडीत सोडायचे. पेडल इतकी जवळजवळ की रुंद बूट घातले तर ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटरही दाबला जातो. हात बाहेर सोडला तर बोटं रस्त्याला टेकतात, आणि खड्डा आला की पुढची मडगार्ड उडताना समोर दिसतात. इंजिन सुझुकीचं, 660 सीसी टर्बो, म्हणजे आपल्या मारुती 800 पेक्षाही लहान. पण मारुती साडेसहाशे किलोंच्या घरातली आणि ही 440 किलोंची. वेग फार नसतानाही अंगावर येतो.

या काटकसरीमागे तत्त्वज्ञान आहे असं सांगितलं जातं. माझ्या मते तत्त्वज्ञान नंतर आलं, आधी होती ती पैशाची तंगी.

ही गाडी मुळात लोटस कंपनीची. लोटस काढणारा कॉलिन चॅपमन लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकता शिकता जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करत असे. 1947 मध्ये सरकारने खासगी गाड्यांना रेशनवर मिळणारं पेट्रोलही बंद केलं आणि धंदा बसला. गळ्यात उरली ती 1930 ची, कुणी न घेतलेली ऑस्टिन सेव्हन. तीच उघडून त्याने 1948 मध्ये मैत्रीण हेझलच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये पहिली लोटस बांधली. 1952 मध्ये कंपनी काढली तेव्हा भांडवल 25 पौंड, तेही हेझलकडून उसने. कारखाना म्हणजे चॅपमनच्या वडिलांच्या, लंडनमधल्या हॉर्न्सी इथल्या पबमागचा तबेला. नोकरी होती ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत. हलका धातू रोजच्या हाताखालचा.

लोटस सेव्हन आली 1957 मध्ये. बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि सुरुवातीला फोर्डचं 1172 सीसीचं जेमतेम 40 अश्वशक्तीचं इंजिन. नावाचं ऑस्टिन सेव्हनशी नातं नाही बरं का. लोटसच्या अनुक्रमांकांत सातवा आकडा एका अर्धवट राहिलेल्या गाडीमुळे रिकामा पडला होता, तो हिला चिकटला.

खरी गंमत कराची. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागे, सुट्या भागांवर नाही. म्हणून सेव्हन सुट्या भागांच्या रूपात विकली जाई आणि घेणारा ती घरी जोडी. पण सोबत जोडणीच्या सूचना दिल्या की कराची सवलत जाणार. यावर लोटसने तोड काढली ती अशी, की गाडी उघडायची कशी याचे कागद द्यायचे. गिऱ्हाइकाने ते शेवटून वाचावेत! कायद्याच्या अक्षराला धक्का नाही आणि गाडीही उभी राहते. आपल्याकडच्या कुठल्याही सीएला हा माणूस आवडला असता.

1970 मध्ये लोटसने फायबरग्लासची गुबगुबीत चौथी आवृत्ती आणली. जुन्या भक्तांना ती रुचली नाही. 1973 मध्ये पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि सवलतीचा आधारच गेला. चॅपमनला तोवर मोठ्या, महागड्या गाड्या खुणावत होत्या. सेव्हनचे हक्क त्याने केटरहॅम गावच्या ग्रॅहम नर्न या विक्रेत्याला दिले. नर्नने थोडे दिवस चौथी आवृत्ती काढली, मग गुपचूप आधीच्या तिसऱ्या आवृत्तीकडे वळला. आजची सेव्हन त्याच तिसरीची लेक. कंपनीची मालकी 2021 पासून जपानी आहे.

कराचा फायदा जाऊन पन्नास वर्षं झाली, तरी सुट्या भागांतली सेव्हन अजून मिळते. मित्रानेही खोकी आणून गॅरेजमध्येच जोडली. आता जोडणीची रीतसर पुस्तिका येते. काम संपल्यावर चार बोल्ट उरले, ते त्याने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलेत. कुठले ते त्याला अजून सापडलेलं नाही. हे त्याने मला सांगितलं ते मी फेरी मारून परत आल्यावर.