माउसच्या क्लिक बटणाची दुरुस्ती

संगणकाच्या माउसचे बटण एकदा दाबले असता दोनदा क्लिक होणे, दाबूनही क्लिक न होणे किंवा ओढून नेत असलेली फाइल मध्येच सुटणे, हे दोष काढण्याचे काम. तक्रार बहुधा डाव्या बटणाची असते. दिवसभर सर्वांत जास्त दाबले जाते तेच.

वरचे प्लॅस्टिकचे बटण केवळ दाब खाली पोचवते. विद्युतमंडल जोडण्याचे काम त्याखालचा मायक्रोस्विच करतो. ही जेमतेम १३ मिमी लांबीची, तीन पायांची डबी. अशा झटक्याने पालटणाऱ्या स्विचचा शोध पीटर मॅकगॉल यांनी १९३२ मध्ये अमेरिकेतील फ्रीपोर्ट येथे लावला. डबीत तांब्याच्या मिश्रधातूची पातळ, ताणलेली पट्टी असते. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की ती टक्कन खालच्या संपर्कबिंदूवर बसते. आपण ऐकतो तो ‘क्लिक’ हाच. बसताना ती काही मिलिसेकंद थरथरते आणि माउसमधील चिप तेवढी थरथर दुर्लक्षित करते. वापराने पट्टीचा ताण सैलावला किंवा संपर्कबिंदूवर ऑक्साइड व धूळ साचली की थरथर लांबते आणि चिप तिला दुसरा क्लिक समजते. माउसमधील प्रवाह अगदी क्षीण असल्याने हा थर जळूनही जात नाही. म्हणून कोटी-कोटी क्लिकांची हमी असलेले स्विचही कधी लवकर दगा देतात.

उघडण्यापूर्वी माउस दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. सेटिंगमध्ये डावे-उजवे बटण अदलाबदल केल्यावरही त्याच बटणात दोष राहिला, तर बिघाड माउसचाच.

स्क्रू बऱ्याचदा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली किंवा स्टिकरखाली दडलेले असतात. बिनतारी माउसची बॅटरी आधी काढावी. स्विचच्या टोपणाच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडून बटण बरेचदा दाबल्यास गुण येतो, पण तो सहसा टिकत नाही. टोपण उचकटून पट्टीला पुन्हा बाक देणेही शक्य आहे. मात्र ती वाकडी झाली तर स्विच गेलाच, आणि टोपणातली इवलीशी कळ हमखास उडून हरवते. नवखा असेल त्याने या वाटेला न जाता स्विचच बदलावा.

त्यासाठी जुन्या स्विचची दिशा आधी टिपून ठेवावी, कारण तो उलटाही बसू शकतो. तिन्ही पायांवर थोडे ताजे सोल्डर (जोडणीचा वितळणारा मिश्रधातू) लावून, वितळताच सोल्डर शोषणाऱ्या पंपाने ओढून घ्यावे. घाईने ओढल्यास पीसीबीवरील (भाग जोडलेल्या सर्किटच्या पाटीवरील) तांब्याचे वर्तुळ उखडते, आणि मग दुरुस्ती खरोखर अवघड होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सुटे भाग मिळतात. स्विच मिळाला नाही, तर त्याच माउसमधील कमी वापरलेल्या उजव्या बटणाचा स्विच, जात एकच असल्यास, डावीकडे लावता येतो.

प्रकाशकिरण अडवून क्लिक ओळखणाऱ्या ऑप्टिकल स्विचमध्ये संपर्कबिंदूच नसल्याने हा दुहेरी क्लिकचा दोष उद्भवत नाही.