स्टेडियममध्ये खाण्याचा स्टॉल लावायचाय? अन्न नोंदणी, परवाना आणि लागणारी कागदपत्रे

आयोजकाकडून किंवा मुख्य कंत्राटदाराकडून स्टॉलचे पत्र हातात पडले की शेगडी, कढई आणि माणसांची जुळवाजुळव सुरू होते. अन्न नोंदणीचा विषय निघतो तो सामन्याला चार दिवस उरल्यावर, आणि तेव्हा हमखास ऐकू येते, "आमच्या हॉटेलचा परवाना आहे की!" तो उपयोगाचा नाही. अन्न परवाना जागेला जोडलेला असतो. कोथरूडच्या हॉटेलचा परवाना गहुंजेच्या स्टेडियममधल्या स्टॉलला लागू होत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात वडे होतात आणि स्टेडियममध्ये तळून विकले जातात, म्हणजे जागा दोन झाल्या आणि दोन्हींचे कागद वेगळे.

मुख्य कंत्राटदाराच्या परवान्याचेही तसेच आहे. स्टेडियमचे सगळे खाद्य-कंत्राट एका केटररकडे असते आणि तो स्टॉल पोटभाड्याने देतो, ही नेहमीची व्यवस्था. अशा स्टॉलवर तुम्ही स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मालाने विक्री करत असाल, तर कायद्याच्या भाषेत अन्न व्यवसाय चालक तुम्ही आहात. केटररची माणसे, केटररचा माल आणि केटररचेच बिल असेल, तरच त्याचा परवाना पुरतो, आणि तोही त्या स्टेडियमच्या पत्त्यावर काढलेला असला तर. पत्र स्वीकारण्याआधी त्याच्या परवान्याची प्रत मागून घ्या. 14 अंकी क्रमांक आणि त्यावरचा पत्ता डोळ्यांनी पाहा.

नोंदणी की परवाना?

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. त्याखालचे परवाना व नोंदणीचे नियम 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाले. या नियमांनी विभागणी उलाढालीवर केली: वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंत नोंदणी, त्यापुढे 20 कोटींपर्यंत राज्याचा परवाना आणि त्याहून मोठ्यांना केंद्राचा. नोंदणीचे शुल्क वर्षाला 100 रुपये आणि खानपान सेवेच्या राज्य परवान्याचे 2,000 रुपये, असे या नियमांत ठरले. मर्यादा आणि शुल्क यांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून पैसे भरताना त्या दिवशी फॉसकॉस या अर्जाच्या सरकारी पोर्टलवर दिसणारा आकडाच खरा मानायचा. पात्रता तपासण्याची सोय पोर्टलवर लॉगिन न करताही आहे.

कायद्याचे कलम 31(2) लहान विक्रेत्यांना परवान्यातून सूट देते, पण नोंदणीतून नाही. फेरीवाला, चहा-भजीची गाडी आणि तात्पुरता स्टॉल लावणारा हे तिघेही यात येतात. "दोनच दिवसांची स्पर्धा आहे, नोंदणी कशाला?" हा समज इथेच चुकतो, कारण तात्पुरत्या स्टॉलचा उल्लेख नियमांत नाव घेऊन केलेला आहे. गावच्या कबड्डी स्पर्धेतला किंवा कुस्तीच्या आखाड्याजवळचा स्टॉल यातून सुटत नाही.

केटरर मात्र या सवलतीच्या व्याख्येत बसत नाही. व्हीआयपी कक्षात थाळी वाढायची, खेळाडूंचे जेवण पुरवायचे किंवा दोनशे स्वयंसेवकांची पाकिटे भरून द्यायची असतील, तर पोर्टलवर व्यवसायाचा प्रकार 'केटरर' निवडावा लागतो. वडापाव, चहा, पॉपकॉर्न विकणाऱ्याने चहा-नाश्त्याचा लहान विक्रेता हा प्रकार घ्यावा. अर्ज परत येण्याचे एक कारण हा चुकलेला प्रकार असतो, आणि तो नंतर दुरुस्त करता करता सामना संपून जातो.

अर्ज कुठे आणि कसा

अर्ज फक्त फॉसकॉस या केंद्रीय पोर्टलवर होतो. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर शंभर रुपयांच्या नोंदणीचे दोन-तीन हजार घेतले जातात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, एवढे पाहिले तरी पैसे वाचतात. महाराष्ट्रात अर्जाची छाननी अन्न व औषध प्रशासन करते. नोंदणी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडून मिळते, राज्य परवाना सहायक आयुक्त, अन्न यांच्याकडून. गोव्यात, म्हणजे फातोर्ड्याच्या मैदानात स्टॉल असेल तर, तिथले अन्न व औषध प्रशासन संचालनालय. कायदा आणि पोर्टल तेच.

मोबाइल क्रमांकाने खाते उघडा. ओटीपी आणि पुढचे सगळे निरोप त्याच क्रमांकावर येतात, म्हणून तो एजंटचा नको, तुमचाच असू द्या. राज्य, व्यवसायाचा प्रकार आणि उलाढाल भरली की पोर्टल स्वतःच नोंदणीचा फॉर्म ए किंवा परवान्याचा फॉर्म बी पुढे आणते. जागेचा पत्ता म्हणून घरचा नव्हे, स्टॉलचा पत्ता द्या: स्टेडियमचे नाव, स्टँड, स्टॉल क्रमांक, पिनकोड. शुल्क भरल्यावर 17 अंकी संदर्भ क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा.

नोंदणीसाठी कागद थोडे: फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा. हा पुरावाच स्टॉलवाल्यांना अडतो, कारण भाडेकरार नसतो. आयोजकाचे वाटपपत्र चालते, पण त्यावर तुमचे नाव ओळखपत्राप्रमाणे अक्षरशः तसेच, स्टॉलचा क्रमांक, तारखा, सही आणि शिक्का हवा. व्हॉट्सअॅपवर आलेला "तुमचा स्टॉल पक्का" हा निरोप पुरावा होत नाही.

परवान्यासाठी याच्या जोडीला लागते:

- स्टॉलचा किंवा स्वयंपाकघराचा मापांसह नकाशा: ओटा, सिंक, साठवण, कचऱ्याची जागा, चौरस मीटरमध्ये
- भागीदारी असेल तर करारपत्र, कंपनी असेल तर संचालकांची यादी आणि नोंदणीचे कागद
- जबाबदार व्यक्तीच्या नेमणुकीचा फॉर्म नऊ
- अन्न सुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा
- पाणी पिण्यायोग्य असल्याचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल

पाण्याच्या अहवालाला वेळ लागतो. जिवाणूंची वाढ तपासायलाच काही दिवस जातात, त्यामुळे नमुना सगळ्यांत आधी द्या. तो नळाखाली धरलेल्या साध्या बाटलीत नको, प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्यायचा. नाहीतर पाणी चांगले असूनही बाटलीतल्या घाणीमुळे अहवाल नापास होतो.

किती दिवस आधी

नोंदणीच्या अर्जावर 7 दिवसांत निर्णय किंवा तपासणीची सूचना यायला हवी. तपासणी निघाली तर 30 दिवसांत निर्णय. परवान्याला पूर्ण अर्जापासून 60 दिवस धरलेले आहेत. यातला 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. अधिकाऱ्याने त्रुटी काढली की उत्तराला 30 दिवस मिळतात. उत्तर गेले नाही तर अर्ज बाद होतो आणि शुल्कही जाते. पोर्टल रोज उघडून पाहा, एसएमएसच्या भरवशावर राहू नका. चहा-नाश्त्याचे लहान विक्रेते आणि फेरीवाले यांच्यासाठी 2024 पासून तत्काळ नोंदणीची सोय आहे. कमी जोखमीच्या ठरावीक प्रकारांनाच ती मिळते, केटररला नाही. थोडक्यात, आयपीएलच्या एप्रिल-मेमधल्या सामन्यांसाठी परवाना हवा असेल तर जानेवारीतच अर्ज गेलेला बरा.

परवाना आवश्यक असताना तो न घेता धंदा केला, तर कलम 63 खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास आणि जबर दंडाची तरतूद आहे. नोंदणीपात्र लहान विक्रेते या कलमातून वगळलेले आहेत. मात्र अस्वच्छ जागेत अन्न बनवल्याबद्दल कलम 56 चा एक लाखापर्यंतचा दंड सगळ्यांनाच लागू आहे.

तपासणीत काय पाहतात

नियमांचे परिशिष्ट 4 हेच तपासणीचे पुस्तक. लहान विक्रेत्यांसाठी भाग एक, खानपान सेवेसाठी भाग पाच. अधिकारी आला की आधी माणसांकडे पाहतो: डोक्याला टोपी, अॅप्रन, कापलेली नखे, हाताला उघडी जखम नाही. प्रत्येक कामगाराचे नोंदणीकृत डॉक्टरने दिलेले आरोग्य प्रमाणपत्र लागते, दरवर्षी नव्याने, आणि टायफॉइडच्या लसीची नोंदही. आदल्या रात्री नाक्यावरून आणलेल्या रोजंदारीच्या मुलांकडे हे नसतेच. दोन-चार जादा माणसांची प्रमाणपत्रे आधीच काढून ठेवा. दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे, किंवा त्याहून कमी असले तरी, एक जण फॉस्टॅक, म्हणजे अन्न सुरक्षेचे प्रशिक्षण घेतलेला हवा आणि तो सामन्याच्या दिवशी स्टॉलवर हजर हवा. त्याचे प्रमाणपत्र दुकानात भिंतीवर आणि तो स्वतः गावी, हे चालत नाही.

मग तापमान. स्टेडियमच्या स्टॉलचा खरा धोका इथे आहे, म्हणून यावर जरा थांबू. गहुंजेचे स्टेडियम पुण्याबाहेर द्रुतगती मार्गालगत आहे, जामठ्याचे नागपूरबाहेर वर्धा रस्त्यावर. माल शहरातल्या स्वयंपाकघरातून निघतो, आणि प्रेक्षकांच्या आधी गाडी आत न्यायची म्हणून सामन्याच्या कितीतरी तास आधी पोहोचतो. बटाट्याची भाजी सकाळी सहाला उकडली आणि वडा संध्याकाळी आठला तळला, तर मधले चौदा तास ती भाजी कुठे होती, हा प्रश्न आहे. 5 ते 60 अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. खोल पातेल्यात भरलेली भाजी वरून गार लागली तरी मधे तासन्‌तास कोमट राहते. ती दोन इंचांपेक्षा कमी थराने पसरट ट्रेमध्ये काढा, वाफ गेल्यावर झाकून 5 अंशांखाली न्या आणि बर्फाच्या पेटीतूनच स्टेडियमला आणा.

"तळताना सगळे मरते" हा समज धोक्याचा आहे. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस जे विष तयार करतो, ते तळण्याच्या उष्णतेलाही टिकते. जिवाणू मरतो, विष राहते, आणि खाणाऱ्याला काही तासांतच उलट्या सुरू होतात.

गरम पदार्थ 60 अंशांच्या वरच राहिले पाहिजेत. मांसाहारी पदार्थ 65 च्या वर ठेवा. पुन्हा गरम करायचे तर मधोमध 75 अंश, निदान दोन मिनिटे, आणि तेही एकदाच. त्यासाठी टोचण्याचा डिजिटल थर्मामीटर घ्या. बोट लावून अंदाज करणाऱ्याला 50 आणि 60 मधला फरक कळत नाही. दर तासाला वहीत वेळ आणि आकडा लिहा. तपासणीत ही वही शंभर खुलाशांपेक्षा जास्त बोलते.

चटणी हा दुसरा कच्चा दुवा. हिरवी चटणी शिजवलेली नसते, वर पाणी घातलेले. कोथिंबीर, मिरची 50 पीपीएम (लिटरमागे 50 मिलिग्रॅम) क्लोरीनच्या पाण्यात पाच मिनिटे बुडवून मग पिण्याच्या पाण्याने धुवा. 4 टक्क्यांचे, अन्नासाठी चालणारे सोडियम हायपोक्लोराइट असेल तर 20 लिटरला 25 मिली. चटणी लहान डब्यांत भरा, एक डबा बाहेर, बाकी बर्फात. संपत आलेल्या डब्यात नवी चटणी ओतू नका. डबाच बदला.

बर्फाबद्दल: महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फाला निळा रंग घालणे बंधनकारक आहे. म्हणून बिनरंगाचा प्रत्येक बर्फ खाण्याचाच असतो, असे मात्र धरू नका. बर्फाच्या कारखान्याचे बिल आणि त्यावरचा परवाना क्रमांक जवळ ठेवा. सरबतात घालायचा बर्फ आणि बाटल्या गार करायचा बर्फ एका पेटीत नको.

तेलात एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक) 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही, हा नियम 1 जुलै 2018 चा. ती मोजायचे मीटर नसेल तर तेल काळपट होणे, फेस न बसणे आणि नेहमीपेक्षा लवकर धूर येणे या खुणा ओळखा. शेवटच्या षटकांतली गर्दी सांभाळायला जुन्या तेलात नवे ओतत राहिले की सगळेच बिघडते.

वडापाव वर्तमानपत्रात देऊ नका. 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी अन्न गुंडाळायला वर्तमानपत्र बंद केले आहे, कारण छपाईची शाई तेलात उतरते. प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे आणि स्ट्रॉ 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर स्टॉलवर आणू नका. 19 किलोचा व्यावसायिकच चालतो, आणि आयोजकाच्या अग्निशमन परवानगीत किती सिलिंडर धरले आहेत ते आधी विचारा. गेटवर अडवणूक होते ती बहुतेक वेळा यावरूनच.

सामन्याच्या दिवशी स्टॉलवर

नोंदणी किंवा परवान्याची प्रत ग्राहकाला दिसेल अशी लावा, शेजारी अन्न सुरक्षा फलक. बिल देत असाल तर त्यावर 14 अंकी क्रमांक छापणे 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊन विकू नका, आयोजकाने भाडे कितीही लावलेले असो. एका फाइलमध्ये वाटपपत्र, कामगारांची आरोग्य प्रमाणपत्रे, फॉस्टॅक प्रमाणपत्र, पाण्याचा अहवाल, बर्फ-तेल-पावाची बिले आणि तापमानाची वही ठेवा. अधिकाऱ्याने नमुना घेतला तर तो चार भागांत मोहरबंद होतो. त्यातला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी तुम्ही करू शकता, मात्र ती त्याच वेळी, लेखी करावी लागते.