दहा बाय दहाच्या खोलीत आवाज धरताना

जळगाव-धुळे-नंदुरबारकडे कितीतरी अहिराणी गाणी घरातल्याच एखाद्या खोलीत रेकॉर्ड होतात. दहा बाय दहा, वर स्लॅब, खाली टाइल. गाणारा तयारीचा असतो, चाल खणखणीत असते, तरी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. मग दोष माइकला दिला जातो आणि जमवलेला पैसा महागड्या माइकवर जातो. आमच्या मते तो आधी खोलीवर खर्च व्हावा. चांगला कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा) खराब खोली लपवत नाही, उलट जास्त स्पष्ट ऐकवतो.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये 10 फूट अंतर असेल, तर 57 आणि 114 हर्ट्झच्या आसपासचे सूर त्या खोलीत आपोआप फुगतात. लांबी-रुंदी सारखी असली की हा फुगवटा दुप्पट होतो. पुरुष गायक काळी एक पट्टीत गात असेल, तर त्याचा मंद्र धैवत, कोमल असो वा शुद्ध, 110 ते 117 हर्ट्झमध्ये पडतो. म्हणजे नेमका तोच सूर घुमतो आणि शेजारचे सूर मागे राहतात. खोलीच्या बरोबर मध्यावर हा 114 चा घुमारा सगळ्यात जोरात असतो, आणि बहुतेक जण स्टँड नेमका तिथेच लावतात. तो एका भिंतीपासून साडेतीन फुटांवर घ्या. कोपरा टाळा.

वरच्या सुरांचा प्रतिध्वनी मात्र शोषता येतो, आणि त्यासाठी लागणारा कापूस खान्देशात दारात पिकतो. 3-4 इंच जाडीची कापसाची गादी भिंतीपासून 4 इंच पुढे टांगा. भिंतीला अगदी चिकटून हवेचे कण हलतच नाहीत, त्यामुळे तिथे चिकटवलेली गादी कमी शोषते. अंड्यांचे ट्रे लावून काही साधत नाही. पातळ फोम तर फक्त चरचरीत भाग खातो, खालचा घुमारा तसाच राहतो आणि आवाज आणखी कोंदट होतो. गादी आधी गायकाच्या पाठीमागे हवी. कार्डिऑइड, म्हणजे एका बाजूने ऐकणारा, माइक मुख्यतः समोरचे ऐकतो, आणि त्याच्या समोर गायक असतो व गायकामागची भिंतही. बरेच जण फोम माइकच्या मागे लावतात आणि ही भिंत उघडीच सोडतात. कापूस लवकर पेटतो, म्हणून दिवे आणि वायरी त्याच्यापासून लांब ठेवा.

आता अंतर. तोंडापासून माइक 15 ते 20 सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा फटका अडवणारी बारीक जाळी. त्याहून जवळ गेले की खर्ज वाढतो आणि शब्द जड होतात. तळहात तोंडासमोर चार बोटांवर धरून ‘भरीत-भाकर’ म्हणून पाहा: प्रत्येक ‘भ’ला हवेचा फटका बसेल. हाच फटका माइकच्या पडद्यावर धप्पकन आदळतो. माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला, 15-20 अंश वळवला की फटका शेजारून निघून जातो. गाण्याचा कागद माइकसमोर सपाट धरू नका. त्यावरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि त्याची धार जाते.

लेव्हल लावताना मुखडा गाऊन घेण्यात अर्थ नाही. अंतऱ्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण ताकदीने म्हणायला लावा, आणि तिचे सर्वोच्च टोक मीटरवर उणे 10 डेसिबलच्या आसपास ठेवा. 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये हळू आवाजासाठी खाली भरपूर जागा असते. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पल ठेवला तर उशीर जेमतेम पावणेतीन मिलिसेकंदांचा होतो. 1024 ला तो 21 होतो, जाता-येता मिळून 40 च्या वर. हेडफोनमध्ये गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो आणि तो लय ओढू लागतो. अशा वेळी त्याला तालात कच्चा म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर 45 अंश, आणि कूलर बंद! पंखा चालू ठेवून नंतर नॉइज काढून टाकू, हा विचार महागात पडतो. मिक्सिंगमध्ये कॉम्प्रेशन केले, म्हणजे मोठ्या-हळू आवाजातला फरक कमी केला, की हळू भाग वर येतो आणि त्याच्यासोबत पंखाही वर येतो. नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘स’ आणि ‘ह’ही घरघरीसारखेच दिसतात, म्हणून शब्द बोथट होतात. खोली आधी गार करून घ्या, मग सगळे बंद करून 10 मिनिटांचे टेक घ्या. पहाटेची वेळ सर्वात उत्तम. सलग घुं ऐकू आला तर तो बहुधा 50 किंवा 100 हर्ट्झचा असतो. आधी अर्थिंग पाहा, आणि माइकची केबल अडॅप्टरपासून दूर करा.

खान्देशातल्या कानबाई देवीच्या गाण्याला मागे बायकांचा घोळका हवा असतो. दोनच आवाज हाताशी असले, तर एकाच टेकची कॉपी करून भागत नाही. तंतोतंत सारखी लहर दुसऱ्यांदा मिसळली की आवाज फक्त 6 डेसिबलने मोठा होतो, माणसे वाढत नाहीत. त्याच दोघींकडून कोरस चार वेळा नव्याने गाऊन घ्या, दर वेळी त्यांना माइकपासून एक-एक पाऊल मागे न्या, आणि शब्दांच्या सुरुवातीला पडणारा किंचित पुढे-मागेपणा तसाच राहू द्या.