ध्येयनिवेदन, स्थावर गुंतवणूक व्यवसायाचे (गोवा)

घरे, भूखंड किंवा भाड्याच्या जागा यांत भांडवल गुंतवणारा व्यवसाय कोणासाठी, कोणत्या मालमत्तेत आणि कोणती पथ्ये पाळून काम करणार, हे थोडक्यात सांगणारा मजकूर. व्यवहारात त्याला मिशन स्टेटमेंट म्हणतात. कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपनीच्या मेमोरँडममध्ये (स्थापनेच्या मूळ दस्तऐवजात) उद्दिष्टांचे कलम लागते. ध्येयनिवेदन मात्र ऐच्छिक आहे.

या प्रकाराच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते तो लष्करी मोहिमांच्या आदेशांतून उद्योगांत आला. रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९४३ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनसाठी लिहिलेला ‘क्रेडो’ (कंपनीची तत्त्वे सांगणारा मजकूर) हा आद्य नमुना, असे दुसरे मत. परंतु क्रेडोत जबाबदाऱ्यांचा क्रम आहे. ग्राहक आधी, भागधारक शेवटी. धंदा कोणता, याचे उत्तर तो देत नाही. तो प्रश्न व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये ठळकपणे मांडला, म्हणून तेथून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. आजचा परिचित साचा साधारणतः १९७० नंतरचा असावा. १९८९ मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक फ्रेड डेव्हिड यांनी त्याचे नऊ घटक सांगितले : ग्राहक, उत्पादन, बाजारपेठ, तंत्रज्ञान, टिकाव व वाढ, तत्त्वज्ञान, वेगळेपण, सार्वजनिक प्रतिमा आणि कर्मचारी. जमिनीवरील हक्काला या यादीत स्वतंत्र स्थान नाही.

गोव्यात तीच बाब निर्णायक ठरते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कौटुंबिक कायद्यामुळे स्थावर मालमत्ता विकताना सामान्यतः पती-पत्नी दोघांची संमती लागते, आणि जुन्या घराचे वारस अनेकदा परदेशी विखुरलेले असतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीवर) कुळाचे नाव असू शकते. भाटातील (बागायती जमिनीतील) घरात मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने तेथे घर करून असलेला माणूस, राहत असेल, तर १९७५ चा मुंडकार कायदा त्याला संरक्षण देतो. कोमुनिदादच्या (गावाची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) जमिनींना १९६१ ची संहिता लागू आहे. शेतजमिनीच्या भूरूपांतरावरून (ती बांधकामासाठी वापरू देण्यावरून) गावागावांत विरोध होतो. त्यामुळे ‘समृद्ध जीवनशैली घडवणे’ यासारख्या वाक्यातून गोव्यातील गुंतवणूकदाराला काहीच कळत नाही. त्यापेक्षा पुढील मजकूर उपयुक्त : ‘तिसवाडी व बार्देशातील जुनी घरे, सर्व वारसांच्या सह्या झाल्यावरच विकत घेणे, मूळ बांधणी राखून दुरुस्त करणे आणि दीर्घ मुदतीने भाड्याने देणे, शेत, खाजन (बांध घालून राखलेली खारी सखल जमीन) व मुंडकाराची वस्ती असलेली जागा न घेणे.’ यातील शेवटचा नकार सर्वांत महत्त्वाचा, कारण भाव चढले की पहिला मोह तेथेच होतो.

नफ्याचा आकडा या मजकुरात घालू नये. विकासकाने हा मजकूर प्रकल्पाच्या जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात छापला, तर रेरा (स्थावर संपदा नियमन व विकास) कायदा, २०१६ चे कलम १२ लक्षात ठेवावे लागते : खोट्या विधानावर विसंबून आगाऊ रक्कम भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास प्रवर्तकाला, म्हणजे विकासकाला, भरपाई द्यावी लागते, आणि खरेदीदाराने प्रकल्पातून माघार घेतल्यास रक्कम व्याजासह परत करावी लागते.