बनात की फेल्ट? टेबलावरच्या हिरव्या कापडाची पार्श्वभूमी

मांडवीतल्या कॅसिनोंमुळे टेबलावरचे हिरवे कापड गोव्यात नेहमीच्या बोलण्यात आले, आणि त्याला सरसकट 'फेल्ट' म्हणायची सवय लागली. ती सुटायला हवी. फेल्ट म्हणजे नमदा. ओली लोकर दाबून-घासून जमवलेला थर. त्यात उभे-आडवे धागे नसतात. टेबलावरचे कापड मागावर विणलेले असते. विणल्यावर ते आटवतात, वरचे तंतू उचलतात, म्हणून हाताला नमद्यासारखे लागते. कापलेल्या कडेचा धागा ओढला की फरक कळतो.

इंग्रजीत हे 'बेझ', पोर्तुगीजमध्ये 'बाएता'. नावाचे मूळ फ्रेंच, तांबूस-तपकिरी रंगाचे. हिरव्याशी त्याचा संबंध नाही. मुळातले अनेकवचन इंग्रजांनी एकवचन धरले. सोळाव्या शतकात धर्मछळापासून पळालेल्या फ्लेमिश विणकरांनी हे कापड इंग्लंडात नेले.

मराठीत 'बनात' म्हणावे का, हा खरा पेच. जुन्या कोशांत बनात आणि सकलाद म्हणजे ब्रॉडक्लॉथ: दाट, तलम, डगल्यांचे कापड. बेझ त्याहून हलके आणि भरड. आक्षेप बरोबर आहे, तरीही मी बनातच म्हणेन. दोन्ही लोकरीची, दोन्ही विणून आटवलेली. फरक फक्त प्रतीचा. 'फेल्ट' म्हटले की कापडाची जातच बदलते. (ज्यावर ते पसरायचे त्या मेजाचेही असेच: कोणी शब्द फारसीतून आणतो, कोणी पोर्तुगीज 'मेझा'तून. गोव्यात दुसरे मत जवळचे वाटणारच.)

कचेरीच्या मेजांशी अशा लोकरी कापडांचे नाते जुने आहे. फ्रेंच 'ब्युरो' हा शब्दच मेजावरच्या जाड कापडावरून आला. पोर्तुगीज 'बुरेल' त्याच कुळातला. बिलियर्डच्या टेबलावर मात्र तंतूंची दिशा चेंडूची वाट ठरवते. पत्त्यांच्या टेबलावर पत्ता घसरत नाही, बोटाने सहज उचलता येतो, नाण्यांचा खणखणाट दबतो.

गोव्यात 1976 च्या जुगारविषयक कायद्यात 1992 साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनांना परवानगी मिळाली. मशिनला कापड लागत नाही. 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्ते आणि रुलेटची टेबले आणली, तेव्हा ते लागू लागले. लोकरीला कसर लागते, दमट हवा सोसत नाही; म्हणून आता बरेचसे कापड पॉलिएस्टरचे, त्यावर डावाचे चौकोन छापलेले. पण तेही विणलेलेच.