घटक एक, नोंदवह्या दोन

ऐन आंब्याच्या हंगामात रत्नागिरीजवळच्या एका पॅकिंग शेडमध्ये बिलाचा संगणक बदलावा लागला, कारण खाऱ्या हवेने जुन्याचा मदरबोर्ड गंजला होता. वजनकाट्यावरचा आकडा संगणकात आणणारी छोटी डीएलएल फाइल (इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार घटक) नव्या संगणकावर उतरवून तिची नोंदणी केली आणि ती यशस्वी झाल्याचा संदेशही आला. बिलाचा जुना प्रोग्रॅम पेटीचे वजन बिनचूक दाखवू लागला. एक्सेलच्या तक्त्यात तेच वजन मागितले की मात्र 'क्लास नॉट रजिस्टर्ड', म्हणजे घटकाची नोंद नाही, एवढेच उत्तर मिळे.

विंडोजमध्ये असे घटक 'कम्पोनंट ऑब्जेक्ट मॉडेल', थोडक्यात 'कॉम', या पद्धतीने चालतात. प्रत्येक घटकाला १२८ बिटांचा ओळख क्रमांक असतो आणि नोंदणी करणे म्हणजे त्या क्रमांकापुढे फाइलचा पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, लिहून ठेवणे. प्रोग्रॅम फाइल शोधत बसत नाही, तो क्रमांक सांगतो आणि पत्ता विंडोज काढून देते. त्यामुळे फाइल डिस्कवर असूनही नोंद नसेल, तर तिची गत सातबाऱ्यावर नाव न चढलेल्या कलमबागेसारखी होते.

मग नोंद झालेली असताना एक्सेलला ती का दिसू नये? १९८५ च्या ३८६ प्रोसेसरपासून रुळलेल्या ३२-बिट रचनेत स्मृतीतील पत्ता चार बाइटचा असतो आणि त्यातून ४ जीबीपलीकडे थेट पोहोचता येत नाही. एएमडीने २००३ मध्ये बाजारात आणलेल्या ऑप्टेरॉन प्रोसेसरने पत्ता आठ बाइटचा, म्हणजे ६४-बिट, केला, पण जुन्या सूचनाही समजून घेण्याची सोय ठेवली. म्हणून आजच्या संगणकावर दोन्ही काळांतले प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालतात. मात्र एकाच प्रोग्रॅमच्या पोटात चार बाइटचे आणि आठ बाइटचे पत्ते वापरणारे घटक एकत्र नांदू शकत नाहीत. यासाठी ६४-बिट विंडोज अशा घटकांच्या नोंदी दोन ठिकाणी ठेवते आणि ३२-बिट घटकांच्या नोंदी 'वाव ६४३२ नोड' या कप्प्यात जातात. प्रत्येक प्रोग्रॅमला आपल्या जातीची नोंदवही तेवढी उघडून मिळते. शेडमधली फाइल आणि बिलाचा जुना प्रोग्रॅम ३२-बिट होते आणि नवे एक्सेल ६४-बिट.

या सगळ्यात नावांनी घातलेला घोळ वेगळाच. 'सिस्टिम ३२' या फोल्डरमध्ये ६४-बिट फाइली असतात आणि 'सिसवाव ६४' मध्ये ३२-बिट! नोंदणी करणारा 'रेगसर्व्हर ३२' हा प्रोग्रॅम दोन्ही फोल्डरांत याच नावाने असतो. जुने प्रोग्रॅम 'सिस्टिम ३२' हे नाव गृहीत धरून लिहिलेले होते, म्हणून ते बदलले नाही, हे कारण समजण्यासारखे आहे. पण दुरुस्तीला बसलेल्या माणसाचा त्याने काही वेळ जातोच.

सरळ उपाय म्हणजे घटकाच्या निर्मात्याकडून ६४-बिट आवृत्ती घेऊन तिचीही नोंदणी करणे, म्हणजे दोन्ही नोंदवह्यांत एकाच क्रमांकापुढे आपापल्या फाइलचा पत्ता लागतो. अशी आवृत्ती निघालीच नसेल, तर रजिस्ट्रीत आणखी काही नोंदी करून ३२-बिट घटक 'डीएलएलहोस्ट' नावाच्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये चालवता येतो आणि एक्सेल त्याच्याशी बाहेरून निरोपानिरोपी करते. या निरोपांना वेळ लागतो. सेकंदाला हजारो वेळा हाक मारावी लागणाऱ्या घटकाला तो जाणवेल. काट्यावर पेटी ठेवून आकडा स्थिरावण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला तो कळतही नाही.